घड्याळ दत्तूच्या हातात होतं

माझा धाकटा भाऊ दत्तू शुक्रवारी पहाटे गेला. वहिनीचा फोन आला तेव्हा मी भाकरीचं पीठ मळत होते. फोन माझ्या मुलीनं, रंजनानं उचलला. 'मामा गेला' एवढंच म्हणाली आणि भिंतीला टेकून खाली बसली. ती रडली. मला रडू आलं नाही. माझ्या मनात पहिल्यांदा आलं की, हा निसटला. रविवारी रंजनाला एक गोष्ट सांगायचं त्यानं कबूल केलं होतं, आणि दोन दिवस आधीच निघून गेला.

आता महिना होऊन गेला. तो कॉलेजात खेळाचा मास्तर होता, पेपरच्या पुरवणीत त्याच्यावर लेख आले. मी ते सावकाश, बोट ठेवून वाचले, कारण माझं शिक्षण चौथीपर्यंतचं. त्यातल्या माणसाला मी ओळखत नाही. 'ऋषितुल्य' असा एक शब्द होता, तो रंजनाला विचारावा लागला. ऋषी म्हणे. भाजीत मीठ कमी पडलं तर ताट सरकवून उठणारा, बायकोला चारचौघांत 'तुला काय कळतंय' म्हणणारा माझा भाऊ ऋषी होता आणि आम्हालाच कळलं नाही. चार माणसांत माझ्या तोंडून शब्द फुटत नाही, म्हणून कागदावर लिहिते. हे छापायला द्यायचं नाही.

गेला त्या आठवड्यात सोमवारी मी त्याला दवाखान्यात बघायला गेले होते. वहिनी चहा आणायला खाली गेली होती, खोलीत आम्ही दोघंच होतो. तो बराच वेळ छताकडे बघत पडला होता. मग म्हणाला, "आक्का, रंजीचं टायमिंग पडलं नव्हतं."

मला आधी कळलंच नाही. मी विचारलं, "कसलं टायमिंग?"

"रिलेच्या वेळचं. तिला म्हणालो ना मी, तू हळू झालीस म्हणून… तसं नव्हतं. वळणावर तिच्यासारखी कुणीच पळत नव्हती."

"मग काढलीस कशाला तिला?"

"लोक म्हणत होते, घरची टीम हाय."

वीस वर्षांमागची ही गोष्ट त्यानं अशी सांगितली, जसं काही किल्ली कुठं ठेवली ते सांगावं. मी म्हणाले, "हे मला कशाला सांगतोस? तिला सांग. आत्ता बोलवते."

"आज नको, आक्का. दम लागतोय. रविवारी घेऊन ये. सांगतो की."

दम लागत होता हे खरं. पण मी निघताना त्याचे दोन जुने विद्यार्थी आले, त्यांच्याशी तो उशाला टेकून किती तरी वेळ बोलत बसला. कुठल्या मैदानावर वारा कसा असतो, ते सांगत होता. दाराबाहेर मला त्याचा आवाज ऐकू येत होता.

आमचं गाव मोहोळच्या पलीकडं. आईवडील दिवसभर रानात असायचे. माझी चौथी झाली तेव्हा दत्तू नुकता चालायला लागला होता, आणि त्याला सांभाळायला घरात कुणीतरी पाहिजे होतं. शाळा सोडतेस का, असं मला कुणी विचारलं नाही. एके दिवशी पाटी फडताळावर गेली आणि दत्तू माझ्या कडेवर आला. यात त्याचा दोष नाही, तो लहान होता. पण पुढं मोठा झाल्यावर, नाव झाल्यावर, तो भाषणात सांगायचा, 'माझी पहिली गुरू माझी मोठी बहीण. तिच्यामागं पळून मी पळायला शिकलो.' लोकांना हे फार आवडायचं. खरं असं की पुढं तो असायचा आणि मागं मी. गुळाचा खडा चोरून तो पळायचा आणि मी काठी घेऊन त्याच्या मागं. आणि तो सापडायचा. रोज सापडायचा, कारण मी त्याच्यापेक्षा जोरात पळायचे. भाषणात हे कधी आलं नाही.

सोलापूरच्या कॉलेजात तो खेळाचा मास्तर म्हणून लागला तेव्हा तिथलं मैदान म्हणजे नुसती काळी माती आणि कडेला बाभळी. उन्हाळ्यात भेगा, पावसाळ्यात चिखल. त्यानं ते पोरांना घेऊन सारखं केलं. पळायच्या रेषा आखायला पांढरी फक्की लागते, ती दुसऱ्या कुणाला तो टाकू द्यायचा नाही. स्वतः वाकून टाकायचा आणि घरी यायचा तो भुवयांपर्यंत पांढरा होऊन. करकंबच्या बाजूचा एक पोरगा उसाच्या रानातला पाट उडी मारून ओलांडायचा, त्याला त्यानं बघितलं आणि लांब उडीत राज्यात पहिला आणला. तो आता रेल्वेत आहे. शहराच्या पूर्व भागात मागावर काम करणाऱ्या एका तेलुगू माणसाची मुलगी गोळा फेकायची. तिचा बाप तयार होईना, तेव्हा दत्तू त्या घरी जाऊन जाऊन थोडं तेलुगू बोलायला शिकला. ती मुलगी देशपातळीवर मेडल घेऊन आली आणि तिच्या बापानं मागावरची पहिली चादर दत्तूच्या घरी आणून दिली. हे सगळं खरं आहे. मला खोटं लिहिता येत नाही म्हणून हेही लिहिते. दुसऱ्याच्या पोरीसाठी परक्या घरात तासन् तास बसायची त्याला सवड होती. त्याच्या स्वतःच्या घरी वहिनी झाकण घातलेल्या ताटाशी बसलेली असायची.

आमच्या रंजनाला त्यानं गावाकडच्या शाळेच्या मैदानावर पळताना बघितलं आणि त्याच दिवशी आमच्या घरी येऊन बसला. आमचे मालक ऐकायला तयार नव्हते.

"अर्ध्या चड्डीत पोरगी पळणार आन् गाव बघत बसणार व्हय?"

"दाजी, गावात न्हाय, सोलापुरात पळणार. तितं रोज पोरी पळतात. लोक बघून बघून कंटाळलेत."

"आन् लग्न कोण करंल हिच्याशी?"

"आधी नोकरी लागू द्या की. पोलिसात खेळाडूंच्या वेगळ्या जागा असतात. राज्याचं एक मेडल आलं की झालं. मग तुमी दारात खुर्ची टाकून बसा, पोरं रांगेत येतील. पोरगी माझी जबाबदारी."

मालक हसले. ते हसले म्हणजे झालंच. रंजना बारावीनंतर दत्तूच्या घरी राहायला गेली. वहिनीला घरकामात मदत करायची, कॉलेज करायची आणि पळायची. मैदानावर त्याला मामा म्हणायचं नाही, सर म्हणायचं, असा नियम होता. एकदा चुकून तिच्या तोंडून मामा निघालं, तर मैदानाला जादा चक्कर मारायला लावली. हे ती सुट्टीत घरी येऊन हसत सांगायची. मलाही तेव्हा हसू यायचं.

रिले म्हणजे चार पोरी एकामागून एक पळतात आणि हातातली दांडी पुढचीला देतात. रंजना तिसरी पळायची, वळणावर. वळणावर जोरात पळणं सोपं नसतं, अंग बाहेर फेकलं जातं. तिचं जात नव्हतं. हे दत्तूनंच मला सांगितलं होतं, एका दिवाळीत. मी करंज्या लाटत होते आणि तो रंजीला घेऊन स्वयंपाकघरात आला. माझ्या हातातलं लाटणं घेतलं आणि म्हणाला, "आक्का, तू पुढची पळणारी. पाठ कर तिच्याकडं."

मी पाठ केली. रंजना दाराकडून पावलं टाकत यायची आणि 'हात' म्हणायची. तसं म्हटलं की मी न बघता हात मागं करायचा आणि तिनं लाटणं माझ्या तळव्यात द्यायचं. पहिल्यांदा मी बघितलं.

"मागं बघायचं न्हाय," दत्तू म्हणाला. "बघितलं की दांडी पडली. येणारी येतीय, ह्यावर भरवसा ठेवायचा."

पुन्हा केलं. त्यानं लाटण्याचं टोक माझ्या अंगठ्यावर हळूच मारलं. "अंगठा बाहेर, आक्का. अंगठा आत घेतलास तर दांडी बसणार कुटं?"

"तुजी आक्का आता ऑलिम्पिकला जाणार का रं?" दारातून मालक म्हणाले.

"न्हाय दाजी, ती करंज्या जाळणार." आणि खरंच कढईतल्या करंज्या काळ्या झाल्या होत्या.

तेव्हा मी चाळिशी ओलांडलेली होते. चौथीनंतर मला कुणी काही शिकवलं नव्हतं. त्या दिवशी मला फार बरं वाटलं होतं, हे आठवलं की आता जास्तच राग येतो. त्यानंतर आमच्या घरात ती रीतच पडली. चिमटा द्यायचा असो की पळी, रंजना मागून 'हात' म्हणायची आणि मी न बघता हात मागं करायचे. अंगठा बाहेर.

ती शेवटच्या वर्षाला असताना राज्याच्या स्पर्धा आल्या. वर्षभर तिसरी तीच पळत होती. त्याच वर्षी दत्तूचं नाव कसल्याशा मोठ्या पुरस्कारासाठी वर गेलं होतं. दुसऱ्या एका कॉलेजचा मास्तर त्याला येता-जाता टोचायचा, 'काय सर, घरची टीम काय म्हणते?' हे मला रंजनानं तेव्हाच सांगितलं होतं, पण आम्ही दोघींनी ते मनावर घेतलं नाही. फायनलच्या सकाळी दत्तूनं पोरींना एकेक करून वळणावर पळायला लावलं. थांबवायचं घड्याळ त्याच्या हातात होतं. रंजना पळून आली तेव्हा त्यानं घड्याळाकडं बघितलं, ते खिशात टाकलं आणि म्हणाला, "टायमिंग पडलंय तुझं. तिसरी शबाना पळंल." शबाना राखीव होती, विजापूर वेशीकडची, गॅरेजवाल्याची मुलगी. घड्याळ दाखवा, असं कुणी म्हणालं नाही. त्याला असं कोण म्हणणार?

शबाना पळाली आणि टीम पहिली आली. चौघींना मेडल मिळालं, प्रमाणपत्र मिळालं. जी पळाली नाही तिला काही नाही.

मी बेसनाचे लाडू करून ठेवले होते. रंजना एसटीतून उतरली, घरी आली, पिशवी ठेवली आणि म्हणाली, "आई, मी हळू झाले गं. मामाचं बरोबर हाय. मी पळाले असते तर हरलो असतो आमी." मालक रागानं लाल झाले होते, तर त्यांनाच ती समजावत बसली, की मामानं नातं बघितलं नाही, खेळ बघितला. लाडू तिनं खाल्ला. पळायचे बूट मात्र माळ्यावर टाकले आणि त्यानंतर ती पळाली नाही. कधीच नाही. समोर एसटी सुटत असली, कंडक्टर 'चला चला' करत असला, तरी ती चालतच जाते. कितीदा तरी तिची गाडी चुकली आहे. घाई कर म्हटलं तर म्हणते, 'माझं टायमिंग पडलेलं हाय, माहितीय ना तुला.' हसून म्हणते.

एकदाच मी दत्तूजवळ विषय काढला होता. तो गावाकडं आला होता. मी म्हणाले, तिला परत बोलव की मैदानावर, अजून वय आहे. तो म्हणाला, "आक्का, त्याला जिद्द लागते. ती रंजीत न्हाय." रंजना आत भांडी लावत होती. भांड्यांचा आवाज थांबला आणि थोड्या वेळानं पुन्हा सुरू झाला… त्याला ठाऊक होतं. हे बोलताना त्याला सगळं ठाऊक होतं. त्या वाक्यासाठी मी त्याला सोडणार नाही, मग तो कुठंही गेलेला असो.

शबाना पोलिसात लागली. चांगली मुलगी आहे, तिचा काय दोष. रंजना लग्न होऊन सोलापुरातच आली आणि शाळांचे गणवेश शिवायच्या कारखान्यात काम करते. मालक गेल्यापासून मी तिच्याकडंच असते. दत्तूला तो पुरस्कार मिळाला. त्याच्या प्रत्येक सत्कारात कुणी ना कुणी ती गोष्ट सांगायचंच, की सरांनी सख्ख्या भाचीला टीममधून काढलं, एवढे ते निःपक्षपाती. माझ्या मुलीच्या पायावर पाय ठेवून तो एवढा उंच झाला, आणि लोकांनी ती उंची बघून टाळ्या वाजवल्या. दत्तू खाली मान घालून ऐकायचा. मला वाटायचं, लाजतोय.

कॉलेजात शोकसभा झाली. हॉल भरला होता. फोटोला मोठा हार होता आणि स्टेजवर वहिनीच्या शेजारी मला खुर्ची दिली होती. शबाना ड्युटीवरून थेट, वर्दीतच आली होती. ती बोलायला उठली.

"फायनलच्या दिवशी सर मला बोलले, तू पळ. मी बोलले, सर, रंजना? ती तर तुमची भाची हाय. तर सर बोलले, घड्याळाला भाची नसते. माझी आज जी काय भाकरी हाय ती त्या एका वाक्याची हाय. असा माणूस परत होणार न्हाय."

घड्याळाला भाची नसते. हॉलमध्ये सगळे टाळ्या वाजवायला लागले. मी पुढं बघितलं. रंजना तिसऱ्या रांगेत बसली होती. तीही टाळ्या वाजवत होती. शेजारच्या बाईला हळूच काहीतरी सांगत होती आणि स्वतःच्या छातीवर बोट ठेवत होती, ती भाची मीच म्हणून. तिच्या चेहऱ्यावर कौतुक होतं.

आणि तेवढ्यात माईक माझ्या हातात आला. भगिनी म्हणून दोन शब्द बोला, म्हणाले. मी उभी राहिले. काय म्हणायचं ते मला नेमकं माहीत होतं. त्या घड्याळात टायमिंग पडलं नव्हतं, एवढंच. तोंड उघडलं… समोर एवढी माणसं. त्यात रंजना, अजून हसत असलेली. माझ्या तोंडून निघालं, "मला बोलता येत न्हाय," आणि मी बसले. शबानाला वाजवल्या त्यापेक्षा जास्त टाळ्या मला वाजवल्या. एकीनं तर डोळे पुसले. दुसऱ्या दिवशी पेपरात आलं, बहिणीला शोक अनावर.

खाली उतरल्यावर शबाना माझ्या पाया पडली. म्हणाली, "आत्या, दांडी घ्यायला मला रंजीनंच शिकवलं हो. सरांनी तर फक्त शिट्टी वाजवली." रंजनानं तिच्या पाठीत धपाटा घातला. दोघी हसत होत्या. मी त्यांच्याकडं बघत उभी राहिले.

संध्याकाळी रंजना घरी आणलेल्या गणवेशांना बटणं लावत बसली होती. मी तिच्यासमोर बसले आणि सांगून टाकलं. दवाखान्यात तो जे बोलला, तसंच्या तसं. तिनं मान वर केली नाही.

"कधी म्हणाला?"

"गेला त्या सोमवारी."

"आजारी होता. बडबडला असंल."

"शुद्धीत होता. माझ्यानंतर पोरांशी बोलत बसला. रविवारी तुला सांगणार होता."

तिनं दोरा दातानं तोडला. ते बटण बाजूला ठेवलं, दुसरं घेतलं, मग तेही ठेवलं.

"म्हणजे मी हळू नव्हते."

"न्हाय."

रस्त्यावरून कुणाची तरी रिक्षा गेली, शेजारच्यांचा टीव्ही लागला. मग ती म्हणाली, "आई, हळू होते तेच बरं होतं गं. मी एवढी वर्षं त्याच्यावर निभावलं." आणि कपड्यांचा ढीग उचलून आत गेली.

त्यानंतर ती माझ्याशी कामापुरतंच बोलायची. मला वाटलं होतं, ती मामाला शिव्या देईल. कपाटावर दत्तूचा फोटो आहे, तो तरी काढून ठेवील. काढला नाही. रोज त्याच्याखालून वेणी घालून कामाला जायची. राग सगळा माझ्यावर काढत होती, पातेली आपटून, चहा अर्धा टाकून. तिचं एवढ्या वर्षांचं निभावणं मी एका संध्याकाळी मोडलं होतं, आणि ज्यानं मोडायला पाहिजे होतं तो हार घालून कपाटावर बसला होता. मेलेल्या माणसाशी भांडता येत नाही, ही त्याची शेवटची सोय.

काल सुट्टी होती. मी ओट्याशी चपात्या करत होते, पाठ दाराकडं. कणकेचा गोळा घेतला आणि बघते तर लाटणं नाही. कुठं ठेवलं म्हणून इकडंतिकडं बघत होते.

मागून आवाज आला, "हात."

बूट माळ्यावर गेल्यापासून हा शब्द घरात कुणी उच्चारला नव्हता. मी काही ठरवायच्या आत माझा उजवा हात मागं गेला होता, तळवा उघडा. दत्तू जळून राख झाला तरी माझा हात अजून त्याचंच ऐकतो, आणि याचा मला संताप येतो. लाटणं काही हातात पडलं नाही. मी वाट बघत राहिले. मागं बघितलं नाही.

मग अंगठ्यावर लाकडाचं टोक हळूच लागलं.

"अंगठा बाहेर, आई," रंजना म्हणाली. आवाज मैदानावरचा होता. "दांडी बसणार कुटं?"

मी अंगठा बाहेर काढला.